चौथं चाक

खर्र, खर्र, खर्र.

स्वयंपाकघराच्या खिडकीशी कांदा चिरत उभी होते. आवाज ऐकला आणि माझी सुरी थांबली. बारीक पेपरचा हा आवाज नव्हे. बारीक पेपर साबणाच्या पाण्याबरोबर चालतो तेव्हा जेमतेम ऐकू येतो. हा होता एकशेवीस नंबरचा जाडा पॉलिश पेपर. चाक पहिल्यांदा हातात घेतलं की तो लागतो, नंतर त्याचं काम नसतं. आणि आमच्या मागच्या अंगणात त्या दिवशी एकच चाक होतं, व्हेरोनाचं चौथं. ते आदल्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांदेखत पुरं झालं होतं. मी त्यात तोंड बघून केसांची पिन नीट केली होती.

हात पुसत बाहेर गेले. माझा भाऊ मर्विन, वय वर्षं बासष्ट, उलट्या टबावर चाक ठेवून त्याच्यावर ओणवा झाला होता. कालचा आरसा पार धुरकट झाला होता, नुसते ओरखडे.

“अरे, हे काल झालं होतं ना?”

“एक खड्डा राहिला होता.” मान वर नाही.

“कुठाय खड्डा? दाखव बघू.”

“तुला नाही दिसायचा, सिसी.”

सिसी म्हणजे मी, डल्सी विंडफोगल, त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. हॉस्पिटलच्या धोबीघरात बत्तीस वर्षं चादरींवरचे डाग शोधण्यात माझे डोळे गेले, आणि मला म्हणे खड्डा दिसायचा नाही!

“दोन कढया घास म्हटलं की तुझा खांदा दुखतो,” मी म्हणाले, “आणि घासलेलं चाक पुन्हा घासायला बरा जोर येतो.”

त्यानं पेपर पाण्यात बुडवला आणि खिडकीतून आत, भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकली. पावणेचार वाजले होते. चारला व्हेरोना यायची. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मी निमूट आत येऊन उरलेला कांदा चिरला.

व्हेरोना केटलडास माझी मैत्रीण. चर्चच्या गायनात चाळीस वर्षं आम्ही एकाच बाकावर, शेजारी शेजारी. तिचा नवरा ऑब्री दोन वर्षांपूर्वी गेला आणि त्याची जुनी कॉर्टिना गाडी शेडमध्ये ठोकळ्यांवर उभी राहिली. आमच्या पोर्ट एलिझाबेथचा वारा म्हणजे काय सांगायचं! समुद्रावरनं येतो तो मीठ घेऊनच. खिडक्यांच्या बिजागऱ्या खातो, तर गाडीच्या अॅल्युमिनियमच्या चाकांना काय सोडणार? चारही चाकांना देवीचे व्रण उठावेत तसे खड्डे पडले होते आणि खड्ड्याखड्ड्यांत पांढरी भुकटी. व्हेरोनाची नात जोडीन बारावीला. आमच्याकडे शाळेचा निरोपाचा समारंभ म्हणजे लग्नाच्या तोडीस तोड. पोरगी सजून गाडीत बसते तेव्हा अख्खी गल्ली रस्त्यावर येते. जोडीननं हट्ट धरला, जाईन तर आजोबांच्या गाडीतून.

आणि चाकं म्हटली की आमच्या गेल्व्हनडेल वस्तीत एकच नाव. मर्विन गाड्यांच्या कारखान्यात आयुष्यभर लाइनवर होता. निवृत्त झाल्यापासून लोकांची चाकं आमच्या अंगणात येतात. जुनं वॉर्निश उतरवायचं, एकशेवीसपासून बाराशेपर्यंत पेपर चढवत न्यायचे, मग ड्रिलला कापडी चकती लावून बफ मारायचा. फडक्यावर काळं उतरत राहतं, उतरत राहतं, आणि एका घडीला फडकं कोरं निघतं. ते कोरं फडकं मला आणून दाखवायची त्याला लहान मुलासारखी हौस.

पहिलं चाक चार दिवसांत झालं. दुसरं चार दिवसांत, तिसरं तीन दिवसांत. व्हेरोना पहिल्या दिवशी नुसती बघायला आली, दुसऱ्या दिवशी डब्यात खिम्याच्या पुऱ्या घेऊन आली, आणि मग रोजच चारला येऊ लागली. धुण्याच्या दोरीखाली दुधाचा क्रेट पालथा घालून बसायची. मी आतून चहा द्यायची. बोलणं काय, तर कारखान्यातलं. तीही एके काळी तिथंच सीटची कव्हरं शिवायच्या विभागात होती. कोणता फोरमन तोतरा बोलायचा, पहाटेची बस कुणी चुकवली, असलंच सगळं. पण मर्विन हसायचा हो! भांड्यांच्या आवाजातही मला तो ऐकू यायचा, आणि मी नळ बंद करून ऐकत राहायची.

“मर्विन, अरे एव्हाना चंद्र घासून झाला असता,” ती चौथ्या चाकाकडे बघून म्हणाली.

“चंद्राला खड्डे जास्त आहेत. त्याला महिना लागेल.”

“आणि माझ्या चाकाला?”

“तुझ्या चाकाला...” त्यानं अंगठा कडेवरून फिरवला. “बघू.”

ते चाक त्या सोमवारी झालेलंच होतं. मंगळवारी त्यानं मोडलं, गुरुवारी पुन्हा केलं, शुक्रवारी पुन्हा मोडलं. पाच वेळा हे झालं. मी मोजत होते आणि तोंडाला कुलूप घालून होते. का गप्प होते, ते आता सांगते. कधीतरी सांगायलाच हवं.

अडतीस वर्षांपूर्वी, ह्याच अंगणात, हीच चाकं घासत मर्विन बसला होता. चाकं तेव्हा नवीकोरी, गाडीही नवी. ऑब्री त्याचा लाइनवरचा सोबती. म्हणाला, “रविवारी एके ठिकाणी जायचंय, चार माणसं बघतील, जरा चमकव.” कुठं जायचंय ते बोलला नाही. मर्विन आठवडाभर शीळ घालत घासत होता. व्हेरोना त्याला आवडायची हे घरात मला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, बसच्या कंडक्टरला ठाऊक असावं. फक्त त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

त्या शुक्रवारी गाण्याच्या तालमीनंतर व्हेरोनानं मला चर्चच्या फाटकाशी गाठलं. माझा हात घट्ट धरला. म्हणाली, “ऑब्रीच्या घरचे रविवारी मागणी घालायला येताहेत. मर्विनला सांग, त्याला यायचं असेल तर उद्या, शनिवारी येऊ दे. बाबांना मी सांगून ठेवलंय. तो आला तर मी रविवारी नाही म्हणेन.”

मी घरी आले. आईला अर्धांगाचा झटका येऊन तेव्हा चार महिने झाले होते. तिला उचलायचं, पुसायचं, भरवायचं आम्ही दोघं मिळून करायचो. मर्विनचं लग्न झालं असतं तर तो बायकोबरोबर वेगळा राहिला असता आणि मी एकतीसची... नाही, वय कशाला वाढवून सांगू, अठ्ठावीसचीच होते मी, त्या खोलीत एकटी आईबरोबर उरले असते. मला भीती वाटली. मोठं काही कारण नाही, भीतीच. मी म्हटलं, सकाळी सांगू. शनिवारी सकाळी दोनदा ह्या दारात येऊन उभी राहिले. तो शीळ घालत होता. मी म्हटलं, जेवताना सांगू. मग दिवस गेला.

रविवारी दुपारी ऑब्रीची गाडी चमकत चमकत व्हेरोनाच्या दारी गेली. मर्विनला ते सोमवारी कारखान्यात कळलं. तो घरी आला, आईला भरवलं आणि लवकर झोपला. त्यानंतर मी त्याची शीळ ऐकली नाही. व्हेरोनानं मला कधी विचारलं नाही, तिचा मानीपणा आड आला असेल. मी कधी सांगितलं नाही. बाकावर शेजारी बसून आम्ही दोघी अडतीस वर्षं देवाची गाणी गायलो.

म्हणून ह्या खेपेला मी गप्प होते. घासू दे त्याला, म्हटलं. पाच वेळा काय, पन्नास वेळा घासू दे. समारंभ झाला, जोडीनची परीक्षा आटोपली की डिसेंबरात दोघी कायमच्या किंबर्लीला, व्हेरोनाच्या लेकीकडे जाणार होत्या. घर सोडायचं ठरलं होतं. त्याच्याकडे ते एक चाक होतं, आणि ते आहे तोवर बोलायला वेळ होता. मी रोज खिडकीशी कान लावून मनात म्हणायची, बोल रे बाबा, आज तरी बोल! आणि तो तिला फोरमनच्या गोष्टी सांगायचा.

समारंभ शुक्रवारी. गुरुवारी टायर बसवायचेच होते, तेव्हा चाक द्यावंच लागलं. कोपऱ्यावरच्या फैझलच्या दुकानात आम्ही तिघंही गेलो. व्हेरोनाला बघायचं होतं, आणि मी थर्मास घेऊन मागे. तीन चाकांवर टायर सुरेख चढले. चौथं मशीनवर घेतलं, फैझलनं पहार घालून टायर कडेवरून चढवायला जोर दिला, आणि टक् असा आवाज झाला. कडेचा वीतभर तुकडा निखळून खाली पडला.

फैझलनं तो उचलला, उजेडात धरला.

“आंकल, ही कड आहे की बिस्कीट? बाकीची तीन बघा आणि हे बघा. कुणी इतकं घासतं होय? आणि तुम्ही? तुमच्या हातून?”

व्हेरोनानं मर्विनकडे पाहिलं. “काय झालं रे हे?”

मर्विन फडक्याला हात पुसू लागला. स्वच्छच होते हात, तरी पुसत राहिला. मला वाटलं आता सांगेल की खड्डे खोल होते, धातू हलका होता, काय वाट्टेल ते. इतकी वर्षं लोक त्याच्या शब्दावर डोळे मिटून चाकं टाकून जातात, त्याला सबबींचा काय तोटा?

“हे चाक दोन आठवड्यांमागं झालं होतं, व्हेरोना.”

“मग?”

“झालं म्हटलं असतं तर तू आली नसतीस.”

फैझल भला माणूस. त्यानं हवेचा पाइप उचलला आणि काही काम नसताना बाहेर जाऊन उभा राहिला.

व्हेरोना टायरांच्या चळतीवर बसली. नव्या स्कर्टला काळं लागत होतं, पण तिचं लक्ष नव्हतं. तिनं त्या तुकड्याकडे बघितलं. मग अगदी हळू, न रागावता बोलली.

“आत्ता सुचलं होय तुला? तेव्हा का नाही आलास? निरोप धाडला होता मी. शनिवारभर खिडकीत बसून होते रे. आईनं चांगले कप काढले होते. दुधाचा केक केला होता, तो मग रविवारी ऑब्रीच्या काकांनी खाल्ला.”

मी थर्मासचं झाकण घट्ट फिरवत राहिले.  मर्विन माझ्याकडे वळला. मी त्याच्याकडे पाहू शकले नाही. बस्स, एवढंच झालं. अडतीस वर्षं जे त्याला माहीत नव्हतं ते त्याला माझ्या खाली घातलेल्या मानेवरून कळलं.

मी तोंड उघडणार होते. देवाशपथ उघडणार होते. पण त्याच्या आधी तोच बोलला.

“मिळाला होता निरोप,” तो म्हणाला. “माझीच छाती झाली नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

व्हेरोनानं डोळे टिपले आणि एकदम हसली, रडता रडता हसतात तशी. “बरं झालं सांगितलंस. मला आपलं वाटायचं, मीच आवडत नव्हते.”

मग उठली, स्कर्ट झटकला आणि कामाचं बोलायला लागली. डिकीत जादाचं काळं लोखंडी चाक आहे, तेच लावा म्हणाली. फोटो डाव्या बाजूनं काढतात, तर ते उजवीकडे मागं लावा. “आणि गाडी तू चालवायचीस, मर्विन. कोट आहे ना?”

कोट होता. बापाच्या मयताला शिवलेला. रात्री मी त्याला इस्त्री केली. तो दाराच्या खिळ्याला लावला आणि झोपायला गेले.

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता गल्ली माणसांनी भरली. बायका केसांतले रोलर तसेच ठेवून बाहेर आल्या होत्या. जोडीन हिरव्या झग्यात निघाली तेव्हा वाऱ्यानं झगा असा काही उडवला की चौघींनी मिळून तो धरून ठेवला. टाळ्या, शिट्ट्या, फोनवर फोटो. तीन चाकं अशी लखलखत होती की पोरं त्यात तोंडं वाकडी करून बघत होती. समोरचे म्हातारे कुपीडो नेमके रस्त्याच्या उजव्या बाजूला खुर्ची टाकून बसलेले. ते ओरडले, “अरे मर्विन, घाईत एक बूट घालायचा राहिला की काय!” सगळे हसले. मर्विनही हसला. स्टिअरिंगवर त्याचे हात, शेजारी व्हेरोना मोतीरंगी ब्लाउजमध्ये, मागं नात. काच खाली करून व्हेरोनानं मला हात केला. मी गर्दीत उभी राहून हात केला आणि मनात म्हटलं, हे असंच दिसलं असतं. मी सांगितलं असतं तर अगदी असंच दिसलं असतं.

शाळेचा हॉल दहा मिनिटांवर. मर्विन घरी आला तेव्हा साडेसात वाजून गेले होते. कोट खुर्चीला लावला, हात धुतले, जेवायला बसला. मी वाढलं.

“कुठं होतात?”

“समुद्रावर. गाडीतच बसलो होतो. वारा फार होता.”

“राहा म्हणालास तिला?”

“म्हणालो.”

“मग?”

“लेकीला शब्द दिलाय म्हणाली. आता उशीर झाला म्हणाली.” त्यानं भाकरी मोडली. “फोन करू नकोस म्हणाली. माझा आवाज ऐकला तर तिथं तिचा जीव लागायचा नाही म्हणून.”

मी ताट बाजूला सारलं. “मर्विन, मी तुला सांगितलं नाही. दोनदा दारात आले होते शनिवारी. आईचं सगळं एकटीवर येईल म्हणून...”

“कळलं मला, सिसी.”

“मी उद्या सकाळी जाऊन तिला सांगते. सगळं सांगते. ती तुला भित्रा समजतेय!”

“समजू दे.”

“का म्हणून समजू दे? माझं पाप आहे, मी...”

“सिसी,” तो म्हणाला, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज माझ्यावर चढला. मग लगेच उतरलाही. “तू सांगितलंस तर ती तुझं तोंड बघायची नाही. किंबर्लीहून ती तुलाच फोन करणार आहे. तूही तुटलीस तर ती कशी आहे, हे मला कुणाकडून कळायचं?”

  मी पदराआड नाही, सरळ त्याच्यासमोर बसून रडले, आणि त्यानं मला रडू दिलं. डाळ गार होईल एवढंच म्हणाला.

त्या दोघी डिसेंबरच्या दहा तारखेला गेल्या. गाडी विकली. फोन रविवारी येतो, चर्चनंतर, अकराच्या सुमाराला. तो येण्याआधीच मर्विन रेडिओ बारीक करतो आणि हातात काहीतरी घेऊन दारात बसतो, कुणाच्या चाकाची टोपी, नाहीतर नुसतंच फडकं. व्हेरोना खूप बोलते. मी ऐकते, आणि सगळं ध्यानात ठेवते. पूर्वी मी विसरभोळी होते, आता नाही. फोन ठेवते न ठेवते तोच, चहासुद्धा न टाकता त्याच्यासमोर जाऊन बसते.

“तिकडे वाराच नाही म्हणते. धुणं दोरीवर सरळ खाली लोंबतं, तिला बघवत नाही. डावा गुडघा दुखतो. जोडीनला नर्सिंगला जागा मिळाली. लेक मीठ कमी घालते. आणि मग म्हणाली, मर्विन कसा आहे?”

“कधी म्हणाली? आधी की शेवटी?”

“शेवटी. जरा थांबली, आणि मग म्हणाली.”

“काय म्हणाली नेमकं?”

“‘आणि मर्विन? मर्विन बरा आहे ना?’ असं. दोनदा नाव घेतलं.”

तो मान हलवतो. मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगते, एकही शब्द न गाळता.